क्रिमिनॉलॉजीचा सहायक प्राध्यापक नेमताना : जाहिरातीच्या आधीपासून पहिल्या सत्रापर्यंत

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात मी विषयतज्ज्ञ म्हणून गेलो होतो. जागा एकच, विषय क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, बाहेरच्या बाकांवर अकरा उमेदवार. आत आम्ही तिघं तज्ज्ञ. एक सर कायद्याचे, एक बाई समाजशास्त्राच्या, तिसरा मी. पहिला मुलगा आत आला. सरांनी त्याला अटकेची कलमं विचारली, बाईंनी समाजशास्त्रज्ञ दुर्खीम विचारला, मी तुरुंगातल्या कच्च्या, म्हणजे खटला अजून न संपलेल्या, कैद्यांबद्दल विचारलं. त्याला एकाचं उत्तर छान आलं, उरलेल्या दोघांची आली नाहीत. दुसरीचंही तेच झालं, फक्त खूश होणारा तज्ज्ञ बदलला. चौथ्या उमेदवारानंतर चहा आला तेव्हा बाईंनी विभागप्रमुखांना सरळ विचारलं, "सर, तुम्हाला नेमकं हवंय कोण?" ते म्हणाले, "सगळं शिकवणारा."

संध्याकाळी 'योग्य उमेदवार आढळला नाही' असं लिहून आम्ही सह्या केल्या. ती जागा पुढे तासिका तत्त्वावर चालू राहिली. उमेदवार वाईट नव्हते. जाहिरात निघण्याच्या आधी जो प्रश्न सुटायला हवा होता, तो मुलाखतीच्या दिवशी चहाबरोबर आमच्यासमोर आला होता.

हा लेख मुख्यतः विभागप्रमुख, अधिष्ठाता आणि आस्थापना विभागातल्या मंडळींसाठी आहे. उमेदवारांनीही वाचावा, कारण टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते कळलं की अर्ज वेगळा लिहिला जातो.

आधी वेळापत्रक मांडा

कोरा कागद घ्या, पुढच्या दोन सत्रांचा अभ्यासक्रम समोर ठेवा आणि नव्या माणसाच्या नावावर कोणते तास पडणार ते लिहून काढा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. हे सोळा तास भरून दाखवायचे. 'क्रिमिनॉलॉजी : १६ तास' असं लिहून चालणार नाही. कोणता पेपर, कोणतं वर्ष, किती तास, सगळं यायला हवं.

हे करताना लक्षात येतं की क्रिमिनॉलॉजी नावाच्या एका छत्रीखाली चार वेगळी माणसं उभी आहेत. लोक गुन्हा का करतात आणि समाज कशाला गुन्हा ठरवतो हे सांगणारा एक. पोलीस, न्यायालय आणि कायदा यांची यंत्रणा शिकवणारा दुसरा. तुरुंग, सुधारगृहं, बालन्याय, परिविक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणं) आणि पीडितांचे प्रश्न यांत मुरलेला तिसरा. आकडे, सर्वेक्षणं आणि संशोधनपद्धती हाताळणारा चौथा. यातल्या दोन गोष्टी उत्तम करणारा माणूस मिळतो. तीन करणारा क्वचित. चारही येतात म्हणणाऱ्याला मुलाखतीत जरा जास्त वेळ द्या.

न्यायसहायक विज्ञानाला मी या चारांत धरलेलं नाही. बोटांचे ठसे, डीएनए, विषविज्ञान हे प्रयोगशाळेचं काम आहे आणि तो वेगळा विषय आहे. प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, म्हणजे नेटमध्येही, दोन्हींचे क्रमांक वेगळे आहेत, क्रिमिनॉलॉजी ६८ आणि न्यायसहायक विज्ञान ८२. पण मालिका बघून प्रवेश घेणाऱ्या मुलांपासून ते जागा मंजूर करणाऱ्या साहेबांपर्यंत अनेकांच्या डोक्यात दोन्ही एकच असतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद तिच्यात आहे. तेव्हापासून हा गोंधळ आणखी वाढला. प्रयोगशाळा चालवणारा माणूस हवा असेल तर त्याची जागा वेगळी मागा. एकाच पगारात दोघं मिळवण्याच्या नादात दोन्ही जातात.

उमेदवार कुठून येतात हेही इथेच पाहून ठेवा, कारण प्रत्येक घराण्याचा घाट वेगळा आहे. सागरच्या विद्यापीठात १९५९ पासून क्रिमिनॉलॉजी आणि न्यायसहायक विज्ञान एकाच विभागात आहेत. तिथल्या मुलांना दोन्हींची ओळख असते. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधून येणाऱ्यांची मुळं समाजकार्यात असतात. तुरुंग, न्यायालय, पोलीस ठाणं यांत त्यांनी फील्डवर्क केलेलं असतं. मद्रास विद्यापीठाची परंपरा सिद्धांत, पीडितशास्त्र आणि संशोधनपद्धतीची. विधी विद्यापीठांतून एलएल.एम. होऊन येणारे फौजदारी कायद्यात पक्के असतात, पण सर्वेक्षणाची प्रश्नावली कशी करतात हे त्यांना बहुधा इथे येऊन शिकावं लागतं. इंग्लंडमधून एक वर्षाची एम.एस्सी. करून परतलेली आपली मराठी मुलंही आता अर्ज करतात. त्यांचं वाचन ताजं असतं, मात्र इथल्या पोलीस ठाण्याची पायरी अनेकांनी चढलेली नसते.

पात्रतेची ओळ

संपूर्ण भरतीत सगळ्यात जास्त वेळ या एका ओळीला द्या.

यूजीसीची किमान अट सर्वांना पाठ असते. 'संबंधित किंवा अलाइड' विषयात किमान ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा). राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना गुणांत ५ टक्के सवलत. विद्यापीठांतल्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची करण्याचा बेत लांबत गेला आणि जुलै २०२३ पासून ती ऐच्छिकच ठेवण्यात आली. इथवर काही अडचण नाही. अडचण 'अलाइड' या शब्दात आहे.

इतिहासाची जागा भरताना अलाइड म्हणजे काय यावर कुणी भांडत नाही. क्रिमिनॉलॉजीत समाजशास्त्राचा एम.ए., एम.एस.डब्ल्यू., एलएल.एम., मानसशास्त्राचा एम.ए., न्यायसहायक विज्ञानाचा एम.एस्सी. आणि पोलीस प्रशासनाचा पदव्युत्तर पदवीधर, सगळेच 'आमचा विषय अलाइड आहे' म्हणून येतात. आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं तथ्य असतं.

मग बहुतेक ठिकाणी होतं असं. जाहिरातीत 'संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी' एवढंच छापलं जातं. अर्ज येतात. छाननी समिती बसते आणि त्या दिवशी टेबलावर ठरवते की एलएल.एम. चालेल, एम.एस.डब्ल्यू. चालणार नाही. नाकारलेला उमेदवार माहितीच्या अधिकारात छाननीचे निकष मागतो. निकष अर्ज उघडल्यानंतर ठरल्याचं इतिवृत्तातच दिसतं. पुढे तक्रार, शुद्धिपत्रक, स्थगिती आणि गेलेलं वर्ष. यात कुणाची लबाडी असायलाच हवी असं नाही. खेळ सुरू झाल्यावर नियम लिहिले, एवढं कारण पुरतं.

यावरचा उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. अभ्यास मंडळाची बैठक जाहिरातीच्या आधी घ्या. कोणत्या पदव्या ग्राह्य, कोणत्या विशेषीकरणासह ग्राह्य आणि नेट-सेट कोणत्या विषयातली चालेल, असा ठराव करून तो विद्या परिषदेपर्यंत न्या. मगच मजकूर छापखान्यात. मी साधारण अशी ओळ सुचवतो :

'क्रिमिनॉलॉजी, क्रिमिनॉलॉजी व न्यायसहायक विज्ञान किंवा क्रिमिनॉलॉजी व फौजदारी न्यायप्रशासन या विषयात पदव्युत्तर पदवी. अथवा समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा विधी या विषयात क्रिमिनॉलॉजी, सुधारसेवा किंवा फौजदारी न्याय हे विशेषीकरण घेऊन पदव्युत्तर पदवी. विशेषीकरण गुणपत्रकावरून किंवा विद्यापीठाच्या दाखल्यावरून सिद्ध होणे आवश्यक.'

शेवटचं वाक्य विसरू नका. 'माझा प्रबंध बालगुन्हेगारीवर होता' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते विशेषीकरण धरायचं की नाही याचं उत्तर जाहिरातीत असलं तर छाननी दुपारपर्यंत आटोपते.

नेट-सेटबाबत एक गोष्ट खास या विषयाची आहे. नेटला क्रिमिनॉलॉजी स्वतंत्र विषय म्हणून देता येतो. महाराष्ट्र-गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ती देणारी मुलं समाजशास्त्र, समाजकार्य, विधी, मानसशास्त्र असा जवळचा विषय घेऊन बसतात. म्हणून 'क्रिमिनॉलॉजीतच नेट/सेट' अशी अट घातलीत तर मराठी माध्यमातून वर आलेली, जिल्ह्याच्या ठिकाणी शिकलेली बरीच मुलं दारातच गळतील. पदवीत जे विषय अलाइड मानले तेच नेट-सेटलाही माना. एकीकडे दार उघडायचं आणि दुसरीकडे कडी लावायची, असं नको.

पीएच.डी.च्या आधारे नेटमधून सूट मागणाऱ्याची पदवी २००९, २०१६ किंवा त्यानंतरच्या विनियमांनुसार मिळाल्याचा दाखला अर्जासोबतच मागा. ११ जुलै २००९ पूर्वी नोंदणी झालेल्यांना नियमित पद्धत, दोन बाह्य परीक्षक, खुली मौखिकी, शोधनिबंध आणि परिषदेतलं सादरीकरण या बाबींचा दाखला लागतो. परदेशी पदवी असेल तर समकक्षता प्रमाणपत्रही अर्जासोबतच हवं. 'नंतर सादर करीन' हे हमीपत्र स्वीकारलंत की तो विषय तुमच्या मागे वर्षभर लागतो.

आणि हे सगळं ज्या नियमांवर उभं आहे ते बदलत असतात. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या विनियमांचा मसुदा काढला. राज्यातही शैक्षणिक गुण आणि मुलाखत यांच्या वाटणीवर वेगवेगळे निर्णय निघत आले आहेत. त्यामुळे या लेखातले आकडेही डोळे मिटून घेऊ नका. जाहिरातीच्या तारखेला जे अंमलात असेल त्याची प्रत काढून फाइलीत पहिल्या पानाला लावा.

बिंदुनामावली

मंजुरी, वित्त विभागाची संमती, बिंदुनामावलीची (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची ते ठरवणाऱ्या यादीची) मागासवर्ग कक्षाकडून तपासणी हा क्रम आस्थापना विभागाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. राज्यात २०२१ च्या अधिनियमानंतर शिक्षक संवर्गाचं आरक्षण कसं मोजायचं हे स्पष्ट झालेलं आहे. विभागप्रमुखाने एवढंच करावं की जागा कोणत्या बिंदूवर आहे ते स्वतः नोंदवहीत पाहावं आणि त्या प्रवर्गाच्या उमेदवारांपर्यंत जाहिरात पोचेल याची काळजी घ्यावी.

क्रिमिनॉलॉजीच्या माणसाने ही नोंदवही एकदा विषयाच्या नजरेनेही वाचावी. तिच्यात वि.जा.(अ), म्हणजे विमुक्त जाती (अ), असा ३ टक्क्यांचा रकाना असतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवलं आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावर ज्यांना 'विमुक्त' म्हटलं गेलं, त्या जमाती या रकान्यात आहेत. आपल्या विषयाच्या इतिहासातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आपल्याच भरतीच्या फाइलीत रकाना होऊन बसलेली आहे. मुलाखतीकडे वळल्यावर हा मुद्दा पुन्हा येईल.

जाहिरात कुठे लावायची

दोन वर्तमानपत्रं आणि संकेतस्थळ ही कायद्याची गरज झाली. उमेदवार तिथून येत नाहीत. वर सांगितलेल्या चार-पाच विभागांच्या प्रमुखांना पत्र पाठवा, गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाच्या दिल्ली, गोवा, नागपूर इथल्या शाखांना पाठवा, समाजकार्य महाविद्यालयांना पाठवा. इंडियन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजी १९७० पासून आहे, तिच्या सभासदांत बातमी पसरली की अर्ज आपोआप येऊ लागतात. तुरुंगात आणि बालगृहात काम करणाऱ्या संस्थांना तर आवर्जून कळवा. नेट झालेली, पण शिकवण्याची नोकरी मिळेल ही आशा सोडून दिलेली हुशार मंडळी तिथे भेटतात.

पगार स्पष्ट लिहा. शैक्षणिक स्तर १०, मूळ वेतनाची सुरुवात ५७,७०० रुपये. अध्यापनाची भाषाही लिहा. पदवीच्या वर्गाला मराठीतून शिकवायचं असेल तर ते आधी सांगितलेलं बरं. 'रिकव्हरी', 'पंचनामा', 'चार्जशीट' हे शब्द मुलांना मराठीच वाटतात, पण 'डिफरन्शियल असोसिएशन' (गुन्हा संगतीतून शिकला जातो हा सिद्धांत) मराठीत समजावून सांगणं ही वेगळी कसरत आहे.

छाननी, आणि तक्त्याबाहेर राहणारी माणसं

२०१८ च्या विनियमांतल्या तक्ता ३-अ प्रमाणे विद्यापीठातल्या पदासाठी उमेदवारांना गुण दिले जातात. पदवीला जास्तीत जास्त १५, पदव्युत्तरला २५, पीएच.डी.ला ३०, नेट-जेआरएफला (नेटसोबत संशोधन शिष्यवृत्ती) ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३, पुरस्कारांना ३, शोधनिबंधांना प्रत्येकी २ याप्रमाणे १०, अध्यापन किंवा पोस्ट-डॉक्टरल अनुभवाला वर्षाला २ याप्रमाणे १०. हे गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवण्यासाठी आहेत. या विनियमांप्रमाणे निवड मुलाखतीतल्या कामगिरीवर होते. राज्याचा आदेश वेगळी वाटणी सांगत असेल तर ती लागू.

दोन उमेदवार घेऊन हिशेब करून पाहू. पहिल्या मुलीला बी.ए.ला ६२ टक्के, एम.ए.ला ६१, पीएच.डी., नेट, तीन शोधनिबंध, दोन वर्षं अध्यापन. तिचे गुण १३ + २३ + ३० + ५ + ६ + ४, म्हणजे ८१. दुसऱ्या मुलालाही बी.ए., एम.ए.ला तेवढेच टक्के, नेट-जेआरएफ, पण पीएच.डी. नाही. मध्ये आठ वर्षं तो मध्यवर्ती कारागृहात एका संस्थेचा सामाजिक कार्यकर्ता होता. कच्च्या कैद्यांचे जामीन, घरच्यांना शोधणं, सुटल्यावर काम मिळवून देणं हे सगळं त्याने केलं. त्याचे गुण १३ + २३ + ७, म्हणजे ४३. आठ वर्षांना शून्य.

तक्ता बदलण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि तो छाननीत वाकवूही नका. पण किती जणांना बोलवायचं ते विद्यापीठ ठरवतं. एका जागेला पाच जण बोलावले तर हा मुलगा बाहेर राहील. पंधरा बोलावले तर कदाचित आत येईल. क्रिमिनॉलॉजीपुरती तरी रेघ थोडी खाली ओढा, आणि ती कुठे ओढणार हे अर्ज उघडण्यापूर्वी ठरवून लिहून ठेवा.

शोधनिबंध मोजताना यादी आंधळेपणाने घेऊ नका. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली. आता नियतकालिक बरं आहे की नाही हे संस्थेनेच ठरवायचं आहे. तीन निबंध निवडून मुळातून वाचा, प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) असेल तर उघडा. माझी एक सवय आहे. मी आधी परिशिष्टातली प्रश्नावली बघतो. कैद्यांवरच्या प्रबंधात 'आपण गुन्हा का केलात?' हा पहिला प्रश्न असेल आणि उत्तर देणारे सगळे कच्चे कैदी असतील, तर पुढे फार वाचावं लागत नाही. दोष सिद्ध न झालेल्या माणसाला हा प्रश्न विचारता येत नाही, एवढंही मार्गदर्शकाने सांगितलेलं नसतं.

निवृत्त पोलीस अधिकारी हमखास अर्ज करतात किंवा त्यांच्यासाठी फोन येतात. त्यांच्याजवळ वर्गात सांगण्यासारखं खूप असतं, पण नेट नसेल तर या पदावर त्यांना घेता येत नाही. २०२२ पासून यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट उघडली आहे. पंधरा वर्षांचा अनुभव हवा, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशी माणसं घेता येतात, मुदत मर्यादित. फोन आला की ही वाट दाखवा. माणूसही दुखावत नाही आणि विभागालाही फायदा होतो.

समिती बसवताना

रचना ठरलेली आहे. कुलगुरू किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष, कुलपतींचे प्रतिनिधी, मंजूर यादीतले तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख, आणि गरज पडल्यास राखीव प्रवर्ग, महिला इत्यादींचं प्रतिनिधित्व करणारे एक सदस्य. गणपूर्तीला किमान चार सदस्य, त्यांत बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ.

तज्ज्ञांच्या यादीत सगळे एकाच बाजूचे नकोत, आणि तीन दिशांना तोंड करून बसलेलेही नकोत. क्रिमिनॉलॉजीचे किमान दोन आणि तिसरा तुमच्या वेळापत्रकातल्या जड पेपरचा, ही वाटणी मला जमलेली वाटते. राज्यात या विषयाचे प्राध्यापक मोजकेच, म्हणून मद्रास, सागर, धारवाड, दिल्ली इकडे बघावंच लागतं. त्यांचा प्रवासखर्च वाचवायला शेजारच्या विधी महाविद्यालयातून दोघं उचलून आणायचे आणि मग 'क्रिमिनॉलॉजीचा माणूस मिळाला नाही' म्हणायचं, हा प्रकार मी पाहिलेला आहे.

विषय लहान, म्हणून सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी असतात. मार्गदर्शक, परीक्षक, सहलेखक. उमेदवारांची यादी तज्ज्ञांना आधी पाठवा आणि नात्याचं, मार्गदर्शनाचं किंवा सहलेखनाचं काही असेल तर लेखी कळवायला सांगा. नंतर कळलं की निवड झालेल्या मुलीच्या नावाला उगाच डाग लागतो.

आणि समितीला पहिल्या दिवशी सकाळी ते सोळा तासांचं वेळापत्रक हातात द्या. अर्ध्या पानाचा कागद, पण अकरा उमेदवारांना अकरा वेगळ्या परीक्षा द्याव्या लागत नाहीत.

पाठ आणि मुलाखत

मुलाखतीच्या टप्प्यावर वर्गातला पाठ किंवा सादरीकरण घेण्याची मुभा विनियमांत आहे. ती सोडू नका. आणि पाठ खऱ्या वर्गात घ्या, समितीच्या खोलीत नको. आमच्याकडे आम्ही दुसऱ्या वर्षाची वीस मुलं बसवतो आणि समिती मागच्या बाकावर जाते.

विषय आदल्या दिवशी सगळ्यांना एकच द्यावा. या विषयाच्या आद्य अभ्यासकापासून, लोंब्रोझोपासून, सुरू होणारा तयार तास प्रत्येकाच्या खिशात असतोच. तो ऐकून काही कळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातलं एक पान द्या. महानगरांचा तक्ता चांगला, त्यात मुंबई, पुणे, नागपूर असतात आणि मुलांना आपलं शहर शोधायची उत्सुकता असते. 'या पानावर वीस मिनिटं शिकवा' एवढीच सूचना.

एकदा असंच पान दिलं होतं. पहिल्या उमेदवाराने आकडे फळ्यावर उतरवले, शहरांचे क्रम लावले आणि अमुक शहर गुन्हेगारीत पुढे आहे असं सांगून बसला. नीटनेटका तास, अक्षर सुरेख. तिसरी मुलगी आली. तिने आकडा लिहायच्या आधी मुलांना विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांचा मोबाइल चोरीला गेलाय?" सात हात वर. "तक्रार किती जणांनी दिली?" चार. "चोरी म्हणून नोंद किती जणांची झाली, आणि गहाळ म्हणून किती जणांची?" एक मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, मला गहाळचाच दाखला दिला." मग ती फळ्याकडे वळली. या पानावर गुन्हे नाहीत, नोंदी आहेत. एका फिर्यादीत खून आणि दरोडा दोन्ही असतील तर मोजताना फक्त सर्वांत गंभीर गुन्हा धरला जातो, म्हणून दरोडा इथे दिसणारच नाही. जिथे पोलीस तक्रार सहज घेतात तिथला आकडा फुगतो. हे सगळं तिने वीस मिनिटांत बसवलं. अक्षर बरंच वाकडं होतं. मुलांनी मात्र घंटा झाल्यावरही प्रश्न विचारले.

मुलाखतीत माहिती कमी विचारा, निर्णय जास्त. मी वापरतो त्यांतले तीन प्रश्न देतो.

'तुमच्या वर्गात एक पारधी कुटुंबातला मुलगा आहे. तुम्हाला १८७१ चा कायदा आणि सराईत गुन्हेगारांविषयीचे नंतरचे कायदे शिकवायचे आहेत. सुरुवात कशी कराल?' इथे उत्तराच्या आधी भाषा ऐका. उमेदवार सहज 'गुन्हेगार जमात' म्हणून पुढे गेला की थांबून बघतो का? मी या प्रश्नावर चांगली चांगली माणसं अडखळलेली पाहिली आहेत. अडखळणं वाईट नाही. न अडखळता चुकीचं बोलणं जास्त काळजीचं.

'कारागृहात मुलाखती घ्यायला गेलात. एका कैद्याने तुम्हाला मारहाणीबद्दल सांगितलं आणि नाव कुठे येऊ देऊ नका म्हणाला. बाहेर आल्यावर काय कराल?' याला एक उत्तर नाही. माणसाने असा प्रसंग पाहिला आहे की फक्त वाचला आहे, हे दोन वाक्यांत कळतं. तो ४३ गुणांचा मुलगा इथे बोलू लागतो.

'देशातल्या तुरुंगांत चारांपैकी साधारण तीन जण कच्चे कैदी आहेत. पदवीच्या मुलांना यावर सत्रभराचं काम द्या.' काम काय देतो, मुलांना कुठे पाठवतो, परवानगी कुणाची लागेल हे त्याला माहीत आहे का, ते पाहा. तालुक्याच्या न्यायालयात आठ दिवस बसून जामीनअर्जांचं काय होतं ते नोंदवायला सांगीन, असं उत्तर मला एकदा मिळालं होतं. स्वस्त, कायदेशीर आणि कुणाच्याही परवानगीशिवाय होणारं काम, कारण खुलं न्यायालय सर्वांना खुलं असतं.

'संसार, मुलं, बदली' हे प्रश्न कुणी बाईंना विचारू लागलं तर अध्यक्षांनी तिथेच थांबवावं. 'तुरुंगात जायला भीती नाही ना वाटणार?' हाही त्यातलाच प्रश्न, जर तो फक्त मुलींनाच विचारला जात असेल.

त्याच दिवशी सह्या

गुणतक्ते, शिफारस आणि गुणवत्तेची कारणं लिहिलेलं इतिवृत्त बैठकीच्या दिवशीच पूर्ण होऊन त्यावर सर्वांच्या सह्या व्हायला हव्यात. 'मजकूर टाइप करून उद्या पाठवतो' हे मान्य करू नका. प्रतीक्षा यादीत किमान एक नाव हवंच. या विषयाच्या चांगल्या उमेदवाराच्या हातात एकाच वेळी दोन-तीन निवडी असू शकतात, आणि न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाच्या शाखा वाढल्यापासून ओढाताण अधिकच आहे. व्यवस्थापन परिषदेची तारीख आधी बघून मुलाखती लावल्यात तर नियुक्तीपत्र महिन्याभरात हातात पडतं. नाहीतर ते निघेपर्यंत पहिला उमेदवार दुसरीकडे रुजू झालेला असतो. जात वैधता, मूळ कागद आणि चारित्र्य पडताळणी यांची यादी नियुक्तीपत्रासोबतच द्या, तुकड्यातुकड्याने मागू नका.

रुजू होण्याच्या आधीची पत्रं

पहिल्या सत्रात नवा माणूस सोळाच्या सोळा तास शिकवतो, परीक्षेचं काम अंगावर घेतो आणि ज्या क्षेत्रकार्यासाठी त्याला निवडलं ते राहून जातं, कारण परवानग्या नसतात. राज्याच्या कारागृह विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे. तिथलं पत्र यायला वेळ लागतो. मुलं कारागृहात न्यायची, बालन्याय मंडळासमोर बसवायची, परिविक्षा अधिकाऱ्याबरोबर फिरवायची तर प्रत्येक ठिकाणची संमती वेगळी. ही पत्रं विभागप्रमुखाच्या सहीने, 'नियुक्त होणारे सहायक प्राध्यापक' एवढंच लिहून, निवड समिती झाल्याच्या आठवड्यातच पाठवून द्या. नाव नंतर कळवता येतं. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीकडेही कैदी आणि अल्पवयीन मुलं यांच्यावरच्या संशोधनासाठी अर्जाचा नमुना आहे का ते बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी तो वैद्यकीय चाचण्यांसाठी बनवलेला असतो आणि त्यात 'औषधाची मात्रा' असा रकाना भरावा लागतो.

त्या वाकड्या अक्षराच्या मुलीने आमच्याकडे रुजू होताना पहिल्याच दिवशी एक वही मागितली होती, जावक क्रमांकासकट. कारागृहाला पत्र लिहायला.